टाकीखालचं वेटोळं

तारकाका कधी बेल वाजवत नसत. फाटकापाशी स्कूटर उभी करायची, मान वर करायची आणि विचारायचं, "ताई, बत्ती लाल का हिरवी?" इंटरनेटच्या डब्यावर लाल बत्ती लागली असली तर तार बाहेर कुठेतरी तुटलेली; हिरवी असली तर दोष घरातला, म्हणजे बहुधा माझा. भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या गल्लीत काही बिघडलेलं नसतानाही ते जाता जाता हा प्रश्न विचारत. मग आम्हीही "हिरवी, हिरवी" म्हणून हात हलवायचो.

त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले होते. काका इथेच वाढले, टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून निवृत्त झाले आणि मग आमच्या भागातल्या इंटरनेटवाल्याकडे लागले. मी यजमानांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आलेली. त्यांचं "करून राहिलो" माझ्या कानाला रुळायला वेळ लागला. माझ्या बोलण्याला ते 'रेडिओची मराठी' म्हणत, तेव्हा फिट्टंफाट.

कामाला हात लावण्याआधी त्यांना चहा लागे. मी एकदा घाई केली, तर शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "तार तुटेलच आहे ताई, ते काही पळून नाही जात. चहा थंडा होते." आणि चहा झाला की मात्र शिडीवर असे चढत, की त्यांच्या वयाचा हिशेब चुकावा.

खांबावरच्या प्रत्येक तारेला ते काळी चिकटपट्टी लावून त्यावर पांढऱ्या रंगाने लिहीत. घरांचे नंबर त्यांना पाठ होत नसत, माणसं होत. 'कुत्रेवाले शर्माजी', 'शिलाईवाल्या बहेनजी'. मी 'तुळशीवाली ताई' होते. तुळस माझ्या सासूबाईंनी लावलेली, श्रेय मला.

आमचं एकदाच बिनसलं, ते वेटोळ्यावरून. प्रत्येक घराशी ते पाच-सात मीटर जादा तार सोडत आणि तिचं वेटोळं करून टांगत. तुटली की तेवढी ओढून पुन्हा जोडता येते, एवढंच त्याचं कारण. दिवाळीला आम्ही घर रंगवलं आणि बाल्कनीच्या कठड्यावरचं ते काळं भेंडोळं माझ्या डोळ्यांत सलू लागलं. मी त्यांना ते कापून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या नं, काय मागून राहिलं का ते तुम्हाला?" मी हट्टाला पेटले. नीटनेटकेपणाचं वेड हा माझा जुना आजार आहे. काका वेटोळं उतरवून गच्चीवर गेले, खाली आले आणि त्या दिवशी चहा न घेता निघून गेले. मला वाटलं, रागावले असतील. असोत.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली. एका सकाळी बांबूंनी भरलेला टेंटवाल्याचा ट्रक गल्लीत शिरला आणि आमच्या घराकडे येणारी तार ओढून घेऊन गेला. अकरा वाजता माझ्या मुलीची, मुक्ताची, ऑनलाइन मुलाखत होती. वर्षभर वाट पाहून आलेली पहिलीच. आमच्या घरात मोबाइलला धड रेंज नाही. तिने मोबाइलवर जोडून पाहिलं, तर बोलताना तिचा चेहरा पडद्यावर थिजत होता. काका पावणेदहाला आले. तारेचं नवं बंडल आणायचं तर शहराच्या दुसऱ्या टोकाला कोटऱ्याच्या गोदामापर्यंत जाऊन यायला हवं होतं. मुक्ता माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. वेटोळं कापायला लावणारी मीच होते.

काका जिना चढून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीखाली हात घातला आणि ते वेटोळं, जसंच्या तसं, बाहेर काढलं.

"तुम्ही म्हटलं का दिसू नये," ते म्हणाले, "तं दिसणार नाही असं ठेवलं."

साडेदहाला बत्ती हिरवी झाली. त्या दिवशी चहा त्यांनी नंतर घेतला, तोही मुलाखत संपेपर्यंत हातात कटर घेऊन जिन्यावर बसून. ती नोकरी मुक्ताला मिळाली नाही. तिसऱ्या मुलाखतीत दुसरी मिळाली. पण त्या जिन्यावर मी त्यांची माफी मागितली. आयुष्यात फार कमी लोकांची मागितली आहे.

हल्लीच्या तारेतला काचेचा धागा केसापेक्षा बारीक असतो. मोतीबिंदू काढल्यावरही तो काकांना नीट दिसेना. दोनदा जोड फसला, तेव्हा त्यांनी स्वतःच काम सोडलं आणि वर्ध्याला मुलाकडे जायचं ठरवलं. निरोप घ्यायला आले, तेव्हा पिशवी घेऊन थोडा वेळ गच्चीवर जाऊन आले. गल्ली शेवटची बघून घेत असतील, असं वाटून मी मागे गेले नाही. जाताना फाटकापाशी थांबून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी "हिरवी" म्हटलं. हात हलवायचा मात्र राहून गेला.

वर्षभरात त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. माणसं अशीच सुटतात, याची मला आजही लाज वाटते.

गेल्या महिन्यात वानरांनी तार तोडली. नवा कारागीर आला, अवघ्या पंचविशीचा, हातात तार जोडायचं चकचकीत मशीन. गच्चीवरून त्याने हाक मारली, "आंटीजी, ये टंकी के नीचे किसने रखा है?" मी वर गेले. नव्या तारेचं भलंमोठं वेटोळं होतं, सुतळीने बांधलेलं. वर काळी पट्टी, आणि तिच्यावर थरथरत्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'तुळशीवाली ताई. दोन वेळा पुरते.'

त्याने हवी तेवढी तार ओढली, जोड दिला आणि उरलेली कापायला कटर उघडला.

"मत काटो भैया," मी म्हटलं. "एक बार का अभी बाकी है."