पालथं ताट

आमच्या घरमालकांइतका हात मिळवायला घाबरणारा माणूस अख्ख्या पलूस तालुक्यात दुसरा नसेल. अंगणात साप निघाला तर काठीनं बाजूला करतील, पण समोरच्यानं हात पुढं केला की दोन पावलं मागं. कारण त्यांचं गणित. जड अणूंचे दोन गाभे प्रचंड वेगानं आदळले तर त्यातून काय बाहेर पडेल, हे ते दिवसभर संगणकावर मांडत बसत. पडद्यावर तांबडे ठिपके आपल्याकडच्या कणांचे, निळे त्यांच्या उलट्या कणांचे, म्हणजे प्रतिकणांचे. वजन तेवढंच, बाकी सगळं उलट. तांबडा आपल्या निळ्याला भेटला की दोघंही संपतात, उरतो नुसता उजेड. मोठ्या शहरातली नोकरी संपवून गावी आल्यावर हे गणित त्यांनी स्वतःलाच लावून घेतलं. कुठंतरी आपलाही उलटा असणार आणि तो आपल्याला शोधत असणार.

शेजारचे निवृत्त सुभेदार एकदा हात पुढं करून म्हणाले, "आवं, फौजंतला माणूस मी. मला भ्याताय व्हय?"

"तुमी उलटं निघाला तर सुभेदार, गल्ली बी ऱ्हायाची न्हाई."

तेव्हापासून सुभेदार देवाला हात जोडतानासुद्धा जरा थबकतात.

मी भंडाऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला, कामासाठी इथं येऊन त्यांच्या एका खोलीत भाड्यानं राहिलेला. इथलं कामही सुटलं तेव्हा मालकांनी मला स्वयंपाकाला ठेवून घेतलं. म्हणून ते सांगतील ते मी केलं. जेवताना त्यांच्यासमोर एक ताट पालथं मांडायचं, उलट्याचं. खिडक्या बंद, आतल्या खोलीत संगणकाचा पंखा घुमतोय, आणि मालक त्या ताटाकडं बघत सावकाश भाकरी मोडतायत. एकदा ते ताट उचललं तर खालची फरशी ऊबदार लागली. मी ते ताट धुवायला घेऊन गेलो. यांना काही झालं तर आपण कुठं जायचं, ही भीती त्या फरशीपेक्षा मोठी होती.

मिरजेच्या दवाखान्यात छातीच्या ऑपरेशनला नेताना ते म्हणाले, "टक्कर झाली की समदं पांगतं गड्या. पण पांगनाऱ्यातलं दोघं जवळ असलं आन एकाच वाटंला लागलं, तर धरत्यात एकमेकाला. तू बी लांबनं उडून आलास." आणि त्यांनी हात पुढं केला.

"मालक, उजेड झाला तर?"

"बघू की रं."

मी हात धरला. उजेड झाला नाही. हात तेवढा गार होता.

ते परत आले नाहीत. त्यांची लेक मला म्हणाली, राहा इथंच. ताट मी अजून मांडतो, पण सुलटं, आणि त्यात अर्धी भाकरी वाढतो. जेवण झाल्यावर ताट उचलून खालची फरशी चाचपतो. बहुतेक वेळा गारच असते. कधी नसते, तेव्हा हात लगेच काढत नाही.