अनिलभाऊंचा सीडी रायटर

अनिलभाऊंच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी एरंडोलच्या बसस्थानकात वाळूउपशाविरुद्धची पत्रकं वाटत होते. "भाऊ गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी, धुळ्यातल्या घरी, चहा घेता घेता. आदल्याच दिवशी जळगावच्या सरकारी कचेरीचं पत्र आलं होतं. तुम्ही दिलेली सीडी वाचता येत नाही, पुढच्या सुनावणीआधी नवी सादर करा, नाहीतर तक्रार निकाली काढू. रविवारी बसून ती करायची, असं आमचं ठरलं होतं. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप... मरणाचा, कचेरीचा आणि त्या सीडीचा, सगळ्यांचा एकत्र.

शोकसभेत एक वक्ते त्यांना 'संगणकतज्ज्ञ' म्हणाले. साफ खोटं. भाऊ कॉलेजात गणित शिकवायचे आणि संगणकापुढे आपल्या सगळ्यांसारखेच रडकुंडीला यायचे. फरक इतकाच, की ते उठून जायचे नाहीत.

प्रकरण होतं वाळूचं. धरणगावजवळ गिरणेच्या काठी भाऊंचं गाव. नदीतली वाळू ट्रॅक्टर भरभरून गेली आणि काठच्या विहिरी आटल्या. पुरुष बोलायला तयार नव्हते, कारण अर्ध्यांचे ट्रॅक्टर त्याच धंद्यात. बोलल्या त्या बायका. भाऊंनी ओट्यावर बसून एकेकीचं म्हणणं फोनवर रेकॉर्ड केलं. मी ते पेनड्राइव्हवर घेऊन जळगावच्या कचेरीत गेले. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "हे चालत नाही, ताई. सीडी आणा." आजच्या काळात! आमच्या कुणाच्याही लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याने काय करायचं? साहेबांना हे विचारलं तर ते म्हणतात, नियम आहे.

भाऊंनी जळगावच्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक सीडी रायटर उचलला आणि घरच्या म्हाताऱ्या संगणकात बसवला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली होती. मी म्हटलं, "भाऊ, विंडोज टाका ना. चौकातला पोरगा फुकटात टाकून देईल."

"चोरीचं?" भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "वाळूचोरांची तक्रार चोरीच्या मालावर लिहू का?"

झालं. तिथून आमचे भोग सुरू. रायटर संगणकाला दिसायचा, सीडी आत घेतली जायची, दिवा लुकलुकायचा आणि पडद्यावर यायचं : परवानगी नाही. भाऊ खवळायचे. "यंत्र माझं, वीजबिल माझं, आणि मलाच परवानगी नाही? हे तर आपल्या कचेरीचं धाकटं भावंड निघालं!" इंटरनेटवर उत्तर सापडलं. सीडी लिहिण्याची मुभा ज्या गटाला असते, त्या गटात आपलं नाव घालायचं. एका ओळीचं काम. भाऊंनी ती ओळ लिहिली. पुन्हा तेच, परवानगी नाही. मग केबल बदलली, सीडीची कंपनी बदलली, रायटर उघडून कापसाने पुसला. मी तर यंत्राला शिव्या घालून घालून थकले. सीड्या वाया जात राहिल्या आणि भाऊ त्या गावी पाठवत राहिले. बायकांनी त्या दादर ज्वारीच्या शेतात दोऱ्याने टांगल्या, पाखरं हाकलायला. लीलाअक्का, जिची विहीर सगळ्यात आधी आटली, ती फोनवर विचारायची, "भाऊ, तुना डबडाले काय व्हयनं? पाखरं भ्यातंस, साहेब कधी भ्याई?"

शेवटी उलगडलं. गटात नाव घातल्यावर एकदा संगणकातून बाहेर पडून, लॉगआउट करून, पुन्हा आत यावं लागतं, त्याशिवाय यंत्र तुम्हाला ओळखत नाही. आणि भाऊंना संगणक बंद न करण्याची सवय! बंद केला तर परत सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे तो घरघरत ठेवलेला. आम्ही जणू दाराशी उभं राहून आपलं नाव का पुकारत नाहीत म्हणून भांडत होतो. बंद करून चालू केला आणि पहिलीच सीडी लिहिली गेली. भाऊ हसले नाहीत. "एवढंच सांगायचं होतं तर त्या ओळीखाली लिहायला काय झालं होतं यांना?" म्हणाले.

सुनावणीला भाऊ सीडीबरोबर अख्खा संगणक घेऊन निघाले, गोणपाटात गुंडाळून, एसटीने. मी त्यांना वेड्यात काढलं. कंडक्टरने विचारलं, "हे काय, भाऊ?"

"साक्षीदार."

"मग फुल तिकीट लागेल."

कचेरीत कळलं की सीडीच पाहिजे म्हणणाऱ्यांकडे सीडी लावायला संगणकच नाही. भाऊंनी गोणपाट सोडलं, साहेबांच्या टेबलाखाली वायर खुपसली आणि ऐकवायला सुरुवात केली. दुसरी बाई बोलत असतानाच साहेबांना मीटिंगचं बोलावणं आलं. "सीडी फाइलला लावा," असं सांगून ते गेले. लिपिकाने ती लावलीही. कागद लावतात तशी! दाभण घेतलं, पाकिटासकट सीडीत आरपार घुसवलं आणि दोरा ओवून फाइलला शिवून टाकली. कटकन आवाज आला. "अहो, अहो!" भाऊ ओरडले. लिपिक शांतपणे म्हणाले, "आता कुठं जात नाही ती." पुढे जे पत्र आलं ते याच सीडीबद्दल. वाचता येत नाही म्हणे. भोक तुम्ही पाडलं, आणि पुरावा खराब आमचा!

तेराव्यानंतर मी धुळ्याला गेले. वहिनींनी भाऊंची खोली उघडून दिली. संगणक चालूच होता. "बंद करायला हात धजला नाही," त्या म्हणाल्या. मी नवी सीडी घातली. त्याआधी कचेरीतून फोनवर सूचना मिळालीच होती : "मधेमधे तो पुरुषाचा आवाज आहे ना, तो काढून टाका. फक्त साक्षीदार पाहिजेत."

काढायचा तर आधी ऐकायला हवा. ऐकायला बसले. लीलाअक्काचं बोलणं संपत आलं होतं आणि मधेच भाऊ, अगदी हळू : "अक्का, गावात त्रास होईल तुला. तुझं नाव काढून टाकू का?"

मागे कुणीतरी भांडी घासतंय. मग अक्का : "काबर काढस? मनं नाव राहू दे. इहीर मनी शे."

दाराशी उभ्या वहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मी पडद्याकडे बघत बसले. भाऊंचा आवाज काढला तर 'विहीर माझी आहे, नाव राहू दे' हे अक्काने कोणाला सांगितलं? विचारलेलं ऐकूच आलं नाही, तर ती न घाबरता बोलली हे कसं कळणार? त्यांचा प्रश्न नको असेल, तर तिचं उत्तर तरी कशाला हवंय?

एक शब्दही न काढता सीडी लिहिली आणि पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून ऐकली. भाऊ तसंच करायचे, लिहिली गेली म्हणजे वाजतेच असं नाही म्हणून. वाजली. सुनावणीला हा संगणकही गोणपाटात बांधून नेणार आहे. साहेब भुवया उंचावून विचारतील, हा कोण बोलतोय? सांगेन, ज्यांचं यंत्र मी उचलून आणलंय ना, ते.