कानानं मोजलेले माग

आमचे हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. नाशिक जिल्ह्याचं पोट कशावर चालतं, माणसं कुठून कुठे सरकतात आणि मत कोणाच्या हातात आहे, या तिन्हींची सांगड घालायचा त्यांना ध्यास लागला होता. छत्तीस साल असावं. प्रांताच्या निवडणुका तोंडावर होत्या. मत होतं ते घरदार, जमीन नाहीतर शिक्षण असलेल्यांना. बाकीच्यांनी नुसत्या सभा ऐकायच्या. नाशकाभोवतालचे फुलांचे आणि भाजीचे मळे पालथे घालून झाले तसे हे मालेगावच्या विणकरांकडे वळले आणि मला बरोबर घेतलं. हौसेनं नव्हे, गरजेपोटी. तिथल्या घरांत परक्या पुरुषाला पाऊल टाकता येत नसे.

माग मात्र घरातच, पडद्याच्या आत. मग यांनी युक्ती काढली. गल्लीत उभं राहायचं आणि खटखट ऐकून चालू माग मोजायचे. स्वतःच्या या हुशारीवर स्वारी इतकी खूश, की येताना मोटारीत मला ती पुन्हा पुन्हा समजावून सांगत होते. मी आपली हूं हूं करत होते.

एका घरात मी शिरले तर माझ्याच वयाची बाई मागावर बसलेली. पाय मारत होती, दोरी ओढत होती, धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत होता. मागावर सूत नव्हतं. एक धागा नाही. मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. कोपऱ्यात तिची लग्नाच्या वयाची मुलगी उकडायचा पाला निवडत बसली होती. पाल्याबरोबर खायला दुसरं काही दिसेना.

“सूत कुठाय?” मी विचारलं.

“महिने झाले बाई, घरात सूत नाय.” तिचे पाय थांबले नाहीत. “आवाज बंद पडला की लोग समझते, घर बैठ गया. मग पोरीला कोण करून घेणार? मुलाकडचे याच गल्लीतून मशिदीला जातात. माझा आदमी सडकेवर खडी फोडतो, तेही त्यांना ठाऊक नाय. निकाह होईपर्यंत माझं नाव कुठे घेऊ नका, तुम्हाला अल्लाची कसम.”

मी नाव घेतलं नाही. परतताना यांना एवढंच म्हटलं, की आत रिकामे मागसुद्धा वाजवतात, तुमची मोजणी चुकते आहे.

“असे किती पाहिलेस?”

“एक.”

“एका घरावरून निष्कर्ष काढत नसतात,” हे म्हणाले, आणि चांदवडचा घाट ओलांडेपर्यंत मला निष्कर्ष म्हणजे काय ते सांगत बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या माणसाने एकही घर आतून पाहिलं नाही, तो मला एका घराबद्दल बोल लावत होता.

यांचा लेख छापून आला. त्याच सुमारास विणकरांनी गावात अन्नछत्र उघडावं म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. निवडणुकीला उभा असलेला एक सुताचा व्यापारी भर सभेत तो लेख वाचून दाखवत म्हणाला, की प्रोफेसरसाहेब स्वतः गल्लीत उभे राहून सांगतात माग जोरात चालू आहेत, मग भूक कसली? अर्ज बारगळला. व्यापारी निवडून आला. यांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण सभेच्या बातमीचं कात्रण त्यांनी जपून ठेवलं.

पुढच्या वर्षी दुसरी पाहणी निघाली. मी येत नाही म्हणाले होते, तरी गेले. त्या बाईच्या मुलीचं काय झालं हे मला कळायला हवं होतं. निकाह झाला, एवढं शेजारणीनं सांगितलं आणि पलीकडच्या गल्लीतलं सासर दाखवलं. दारातूनच खटखट ऐकू आली. माझा जीव भांड्यात पडला. चला, पोर कामाच्या घरात पडली.

पडदा सारून आत गेले. ती मागावर बसली होती, पोटुशी, गालांची हाडं वर आलेली. पाय मारत होती. मागावर सूत नव्हतं.

“यांचाही रिकामाच होता,” ती म्हणाली. “आम्ही यांचा आवाज ऐकून हो म्हटलं, यांनी आमचा ऐकून. आता नणंदेचं जमवायचंय.”

पिशवीत प्रवासासाठी घेतलेले दशमीचे तुकडे होते, ते तिच्यापुढे ठेवले. तिनं आधी पडद्याकडे पाहिलं आणि मग एका हातानं घाईघाईनं खाल्ले. दुसऱ्या हातानं दोरी ओढणं चालूच होतं.

निघताना म्हणाली, “अम्माकडे जाल ना? तिला म्हणावं, माग जोरात चाललाय.”

बाहेर हे भिंतीला टेकून कान देत उभे होते. त्यांनी तो माग मोजला. मी त्या आईच्या दारी गेले आणि मुलीचा निरोप जसाच्या तसा सांगितला. ती हसली, माझा हात धरून म्हणाली, “मग पोर पोटभर जेवत असंल.”