एक कूलर आणि दोन खाटा

मंडळी, सकाळी निघालो होतो नेपानगरला, पण इतवारा बाजारात गरम मावा जलेबी दिसली. ती बांधून घेतली आणि सरळ मामाकडे गेलो.

विजूमामा आणि अरुणकाका यांच्या संसारावर मी कॉमिक्स काढतो, हे तुम्हाला माहीतच आहे. दोघं पन्नाशीचे, वीस वर्षं एकत्र. त्यांना दाखवल्याशिवाय मी इथं काही टाकत नाही.

आजच्या चित्रातलं भांडण कूलरचं होतं. काकांना जोरात हवा पाहिजे, मामाला सर्दी होते. लोक काय म्हणतील म्हणून मी खाटा दोन काढल्या होत्या, लांब-लांब.

काका चष्मा लावून बघत राहिले. "हसू नाही आलं रे भाऊ."

"का बरं?"

"दोन खाटा असत्या तर भांडलो कशाला असतो? मी माझी कूलरसमोर ओढली असती, ह्यांनी ह्यांची भिंतीला लावली असती. बात खतम."

मामा शाळेत शिकवतो. मला भीती त्या शाळेचीच होती. हळूच म्हणालो, "मामा, एकच पलंग काढला तर शाळेत बोलतील."

"ते तर बोलूनच राहिले. तू पलंग काढ. आणि भिंतीकडे मी झोपतो, तेवढं बरोबर दाखव."

तिथंच बसून खोडलं, पुन्हा काढलं. काका चहा सांडेपर्यंत हसले.

घाबरत मीच होतो, नाव मात्र मामाचं सांगत होतो.

चित्र खाली टाकलंय. आता खरं सांगा, तुमच्या घरी कूलरचं बटण कोणाच्या हातात असतं?