यमुनेने मागितलेली ओवाळणी

जुगाराचा मला लहानपणापासून तिटकारा. आमच्या घरात पत्त्यांचा कॅटसुद्धा नव्हता. एक्क्याण्णव साली बँकेने माझी बदली लखनौला केली आणि पहिल्याच दिवाळीत मॅनेजरसाहेबांच्या घरी मला तीन पत्ती खेळायला बसवलं. "शगुन है मैडम, आज के दिन मना नहीं करते." मी चार-आण्यांनी खेळले, चक्क जिंकलेही, आणि घरी येताना रिक्षात स्वतःला बजावलं की हा काही जुगार नव्हे. मी खेळते तो शगुन, दुसरे खेळतात तो जुगार, असं माझं तेव्हाचं साधंसरळ शास्त्र होतं. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील.

आलमबागला मी भाड्याने राहायचे, त्याच्या खालच्या मजल्यावर यमुना शेटे राहायची. मूळची बार्शीची. तिचा नवरा मधुसूदन चिनहटकडच्या एका कारखान्यात फिटर होता. मुलगी जुई दहावीत, मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीत. माणूस म्हणून मधुसूदन लाखात एक. कुणाचा नळ गळतोय, कुणाचा पंखा घरघरतोय, बोलावण्याआधी हजर. पण त्याला लॉटरीचा नाद होता, तोही एका आकड्याच्या लॉटरीचा. तिकिटाचा शेवटचा आकडा लागला की पैसे. निकाल तासातासाला फोनवरून यायचा आणि दुकानदार तो पाटीवर खडूने लिहायचा. आलमबागच्या चौकापासून बस अड्ड्यापर्यंत अशी वीसेक टपऱ्या होत्या. कारखान्यातून सुटलेला माणूस बसमधून उतरायचा तो थेट पाटीपुढेच.

यमुनेने सगळे उपाय करून पाहिले. शपथा झाल्या, उपास झाले, सासऱ्यांना पत्रं झाली. जुईच्या गळ्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली आणि चौथ्या दिवशी मोडली, त्या रात्री तो स्वतःच लहान मुलासारखा रडला. मी तिला म्हणायचे, "अगं, सोडून दे त्याला, माहेरी जा." ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोलले.

मग त्र्याण्णवच्या भाऊबीजेला तिने जे केलं, ते माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. दुपारी चार वाजता तबकात निरांजन, कुंकू, सुपारी आणि करंज्या घेऊन ती भर बाजारात निघाली. मला वाटलं, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कुणाकडे निघाली असेल, म्हणून मीही सोबत गेले. तर ही बाई शिवबरनच्या लॉटरीच्या टपरीपुढे उभी! शिवबरन म्हणजे पन्नाशीचा, काटकुळा, काकोरीकडच्या गावचा माणूस. मधुसूदनचं रोजचं दुकान तेच.

"भैया, ज़रा बाहर आइए. आज हमारे यहाँ भाऊबीज है."

तो गोंधळून टपरीतून उतरला. भैया दूज त्यालाही माहीत होती, पण गिऱ्हाइकाची बायको ओवाळायला आलेली त्याने जन्मात पाहिली नसावी. तिने त्याच्या डोक्यावर रुमाल टाकला, टिळा लावला, ओवाळलं, हातावर करंजी ठेवली. आजूबाजूचे दुकानदार जमले. शिवबरनने खिशात हात घातला आणि अकरा रुपये काढले.

"पैसा नहीं लूँगी," यमुना म्हणाली. "मुझे ये दीजिए कि इनको टिकट मत बेचिए. आप भी नहीं, ये सब भी नहीं."

शिवबरनने जमलेल्या दुकानदारांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "दीदी, आपने तो फँसा दिया." आणि डोक्यावरचा रुमाल त्याने घडी करून खिशात ठेवला.

मी मनात म्हटलं, झालं, आता हसं होणार. पण त्या माणसाने शब्द पाळला. चौकातल्या वीसच्या वीस टपऱ्यांवर जाऊन त्याने सांगितलं की त्या दाक्षिणात्य फिटरला तिकीट द्यायचं नाही, ते आमचे दाजी आहेत. महाराष्ट्रातला माणूस त्यांच्या लेखी दाक्षिणात्यच. मधुसूदन आठवडाभर यमुनेशी बोलला नाही. "भर बाजारात माझं नाक कापलंस," एवढंच म्हणाला. तो चारबागला जाऊन तिकीट घ्यायचा, तर तिथूनही दोन दिवसांत बातमी शिवबरनकडे यायची आणि शिवबरनकडून यमुनेकडे. शेवटी त्याने हात टेकले. संध्याकाळी तो शिवबरनच्या टपरीशी नुसता उभा राहायचा, पाटी बघायचा, चहा प्यायचा आणि साडेसातला घरी यायचा. यमुना समोरच भाजी घ्यायची. त्याची पाठ तिला दिसत असायची आणि तेवढ्याने तिचा जीव थाऱ्यावर राहायचा. नाद सुटला असं मी म्हणणार नाही. वर्षभरात चार-पाच वेळा तो घसरला. पण पगार घरी येत होता, जुईची शिकवणी लागली, यमुनेच्या चेहऱ्यावर जरा रया आली.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा शहरात लॉटरीबंदीचं वारं वाहत होतं, वर्तमानपत्रांत रोज काही ना काही यायचं. आमच्या गल्लीतल्या बायकांना जमवून मी सरकारला अर्ज लिहिला. अर्ज झकास जमला होता, हे मी आजही म्हणेन. आणि जिचं घर पोळलंय तिची सही पहिली हवी, म्हणून मी कागद घेऊन यमुनेकडे गेले.

तिने तो दोनदा वाचला. "ताई, टपऱ्या बंद झाल्या तर हे जातील कुठं?"

"घरी येतील. आणखी कुठं जाणार?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुला हे बंद व्हायला हवंय की नकोय, ते एकदा सांग."

"हवंय," ती म्हणाली आणि सही केली. वळणदार, शाळेतली सही.

पुढे बंदी आली. आमच्या अर्जामुळे अर्थातच नाही. तो कुठल्या टेबलाखाली गेला देव जाणे. तरी मी गल्लीत पेढे वाटले. शिवबरनने पाटी उतरवली, टपरी विकली. जायच्या आधी तो यमुनेला भेटायला आला. सहीचं त्याला कळलं होतं, पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "दीदी, आपकी बात अब मैं किससे कहूँ? दुकान ही नहीं रही." मग गावी निघून गेला.

आठ दिवस मधुसूदन कारखान्यातून सरळ घरी आला. मी बँकेत सगळ्यांना सांगितलं की बघा, कायद्याचा बडगा हाणला की माणूस कसा सुतासारखा सरळ होतो. नवव्या दिवशी तो आला नाही. दहाव्या दिवशी सकाळी आला, आंघोळ केली आणि कामावर गेला.

आता चोरून आकड्यांचा सट्टा सुरू झाला होता, आपल्याकडच्या मटक्यासारखा. तिकीट नाही, पाटी नाही, खिशात सापडेल असा कागदाचा कपटाही नाही. कुठे चालतो ते बायकांना कोण सांगणार? यमुना चौकात विचारत हिंडायची. जुने टपरीवाले कुणी केळी विकत होते, कुणी शहर सोडून गेले होते. ती दाराशी बसून राहायची आणि एकच गोष्ट म्हणायची, "आधी मला ठाऊक असायचं, ताई. कुठं उभे आहेत ते ठाऊक असायचं."

मला ते असह्य झालं, आणि असह्य झालं की मी अर्ज लिहिते. बँकेतल्या शिपायाकडून मला कळलं की चिनहटला एका बंद पिठाच्या चक्कीमागे अड्डा आहे आणि कारखान्यातली माणसं दुपारपासून तिथेच असतात. मी पत्त्यासकट तक्रार लिहिली. सकाळी ठाण्यात जाऊन हातोहात दिली, पोच घेतली, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून नक्कल यमुनेला दाखवायला आले. तिला आनंद होईल असं मला खरोखर वाटलं होतं.

तिने पत्ता वाचला. बोट त्या ओळीवरून हललं नाही.

"दिलात का हा?"

"सकाळीच दिला."

"ताई, त्यांची नोकरी जाईल हो." एवढं म्हणून तिने पायात चपला सरकवल्या. मी तिच्या मागे धावले. दोन टेंपो बदलून चिनहट. टेंपोत ती सारखी ड्रायव्हरला म्हणत होती, "भैया, थोड़ा जल्दी." आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून प्रार्थना करत होते की पोलिसांनी नेहमीसारखी चालढकल केलेली असू दे.

त्यांनी ती केली नव्हती. चक्कीपुढे जीप उभी होती. दहा-बारा माणसांना उकिडवं बसवलं होतं, आणि कडेला, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, मधुसूदन. यमुनेला पाहून तो अर्धवट उठला. पोलिसाने खांदा दाबून त्याला खाली बसवलं. यमुना गर्दीतून पुढे गेली. "साहब, इनको छोड़ दीजिए, ये नौकरी वाले हैं." फौजदारसाहेबाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्याला मी दिसले होते.

"अरे मैडम, आइए! आप ही की दरख़्वास्त थी न?"

सगळी डोकी वर झाली. मधुसूदनचंही. याच माणसाने दोन महिन्यांपूर्वी माझा पंखा दुरुस्त केला होता आणि चहासुद्धा घेतला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग यमुनेकडे पाहिलं. आम्ही दोघी एकत्र आलो होतो. त्याला जे वाटायचं ते वाटलं. यमुना तिथल्या तिथे कळवळून म्हणाली, "मी नाही हो, मला माहीत नव्हतं." त्याने मान खाली घातली ती जीपमध्ये चढेपर्यंत वर केली नाही.

दंड भरून तो तिसऱ्या दिवशी सुटला. कारखान्याने निलंबित केलं. घरी पंधरा दिवस होता. जेवायचा, जुईला गणितं समजावून द्यायचा, पण यमुनेने दिलेला चहा घेताना तिच्याकडे बघायचा नाही. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, मी जाऊन सांगितलं, कागदावर तिची सही नाही हे दाखवलं. "पहिल्या कागदावर होती की," एवढंच तो म्हणाला. सोळाव्या दिवशी काम बघतो म्हणून गेला, तो आलेला नाही. त्याला आता आठ महिने झाले.

यमुना एका शाळेत पोळ्या लाटायला जाते. जुई माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. यमुना बोलते. परवा मी रडले तर तिनेच मला पाणी दिलं. म्हणाली, "तुमचं तिथं कुणी बसलेलं नव्हतं ना, ताई. म्हणून तुम्हाला ते सोपं वाटलं."

बँकेत हल्ली वाद निघतात, सट्ट्यावर कडक कायदा हवा की लॉटरी परत सुरू करावी. मला विचारतात. मी कामाचं निमित्त काढून उठते. रविवारी आणि सुटीच्या दिवशी मी पानाच्या टपऱ्यांवर, चारबागच्या धर्मशाळांत, चिनहटच्या गल्ल्यांत जाऊन विचारते की सट्टा कुठे चालतो, तिथे एखादा मराठी फिटर येतो का. शपथ घेऊन सांगते की पोलिसांकडे जाणार नाही, मला फक्त तो कुठे आहे ते हवंय. पानवाले पान लावत राहतात, आणि मी पाठ फिरवली की एकमेकांना सांगतात, हीच ती अर्ज लिहिणारी बाई. या शहरात आता मला कुणीही पत्ता सांगत नाही.