दोन सीटच्या विमानाचं नवं पॅनल

चिकलठाण्याच्या आमच्या हँगरमध्ये दुपारचा चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "ते पॅनलचं सांगा ना!" मग चहा पुन्हा मागवावा लागतो. एका छोट्या विमानाचं पॅनल बदलताना कामाच्या नोंदी कमी झाल्या आणि किस्सेच जास्त जमले!

विमान दोन सीटचं, वयानं माझ्यापेक्षा मोठं. समोर काट्यांच्या गोल तबकड्या. मालक म्हणाले, "नवी स्क्रीन बसवा. तपासणीत पास झालं तर उडेल, नाहीतर कन्नडला माझ्या शाळेच्या दारात शोभेला उभं करतो!" आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक शेख चाचा, त्यांनी हे विमान उभी हयात सांभाळलेलं. दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

*

जुनं पॅनल उघडलं, तर मागं वायरींचं जंगल. सगळ्या पांढऱ्या, नंबर पुसलेले! मी नकाशा शोधायला लागलो.

"नकाशा कायको? लोकर बघ!" चाचा म्हणाले.

प्रत्येक वायरीला त्यांनी रंगीत लोकरीची गाठ मारलेली. लाल दिव्याची, हिरवी रेडिओची.

"आणि ही गुलाबी?"

"ती मलाबी ठाव नाय. हात नको लावू!"

*

पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचं पॅनल करून बघतात. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानातून साड्यांचे खोके आणले, स्क्रीन आणि बटणं स्केचपेननं काढली. हात सगळीकडे पोचतो का, ते बघायला आमचे इन्स्ट्रक्टर देशमुख सर आत बसले. काम पाच मिनिटांचं. अर्धा तास झाला तरी सर बाहेर येईनात!

मी डोकावलो. सर हेडफोन लावून, कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"सर, झालं का?"

"थांब रे! नाशिकला लँडिंग चाललंय!"

*

नवी स्क्रीन पहिल्यांदा लागली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो! निळं आकाश, तपकिरी जमीन, सगळं झकास. फक्त जागेवर उभं असलेलं विमान डावीकडं कललेलं दिसत होतं. सर आणि मी दीड दिवस सेटिंग बदलत बसलो.

चाचा आले, खाली वाकले आणि डाव्या चाकावर टिचकी मारली. "हवा कमी हाय. मशीन खरं बोलायलीय, अन् तुमी तिला खोटं शिकवायलात!"

*

शेवटी तपासणीचे साहेब आले. पॅनल बदललं की विमान ढकलत एकेका दिशेला फिरवायचं आणि होकायंत्र बरोबर दाखवतंय का ते बघायचं. साहेब आत बसले, आम्ही घाम गाळत ढकलतोय. काटा बारा अंश चुकला! दुसऱ्या दिशेलाही चुकला. साहेबांनी पेन काढलं.

चाचा म्हणाले, "साहेब, जरा खाली या, च्या घ्या."

साहेब उतरले आणि काटा जागेवर! साहेब पुन्हा चढले, काटा पुन्हा हलला.

"विमानाला काय नाय झालं," चाचा हळूच म्हणाले. "तुमच्या खिशात मोबाइल हाय. त्याच्या कव्हरला लोहचुंबक हाय."

साहेब ओशाळले, मोबाइल चाचांच्या हातात दिला. चाचा तो घेऊन थेट हँगरच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. आम्ही विमान पुन्हा सगळ्या दिशांना फिरवलं. काटा एकदम करेक्ट! तेवढ्यात मोबाइल वाजायला लागला.

"कुणाचा आहे?" साहेबांनी विचारलं.

"बाईसाहेबांचा!" चाचा तिथूनच ओरडले. "आधी सही करा, मग आणतो!"