दोन बोटींच्या मध्ये

मी सिग्नल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. ट्रेड रेडिओ ऑपरेटर. लोक मला बर्फातल्या पोस्टिंगबद्दल विचारतात. मला मात्र निवृत्तीनंतरच्या एका ड्युटीबद्दल सांगायचं आहे. ती मी वसईला, आमच्या कोळीवाड्यातल्या चर्चमध्ये केली. अंगावर वर्दी नव्हती.

तरी बर्फातलं थोडं सांगावं लागेल. मी खालच्या पोस्टवर सेट सांभाळत होतो. वरच्या पोस्टवर लान्स नायक हणमंत पाटोळे होता. हिमवादळ आलं. "तंबू उडतोय, ओव्हर," एवढं तो बोलला आणि लाइन गेली. कंपनी कमांडर माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "कीप कॉलिंग." मी बोलावत राहिलो. उत्तर आलं नाही. पाटोळे आणि त्याचे साथीदार सापडले ते बर्फ वितळल्यावर.

घरी परतलो तेव्हा माझी प्रार्थना सुटली होती. राग वगैरे नव्हता. उत्तर देत नाही त्याला किती वेळ बोलवायचं, एवढंच मनात यायचं. रविवारी आईला चर्चच्या पायऱ्यांपर्यंत सोडायचो आणि बाहेर माडाखाली उभा राहायचो. आमचे धर्मगुरू फादर एलायस येता-जाता तब्येत विचारायचे. आत ये, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

कामाला मी मच्छीमार सोसायटीत लागलो. कारगिल होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मोठ्या बोटींवर नुकतेच वायरलेस सेट बसले होते. किनाऱ्यावरचा सेट माझ्याकडे होता. बोट चालवणाऱ्या तांडेलांना मी बोलायची शिस्त लावली. थोडक्यात बोला. बोलणं झालं की 'ओव्हर' म्हणा. दुसऱ्याच्या बोलण्यात घुसू नका. सुरुवातीला ते हसायचे. माझा धाकटा भाऊ बस्त्याव तर मुद्दाम 'ओव्हर-ओव्हर' करायचा. तो त्याच्या 'स्टेला मारिस' बोटीचा तांडेल होता.

त्या वर्षी पाऊस संपून मासेमारी जोरात सुरू होती. बोंबील भरपूर लागत होते. वादळाची सूचना सोसायटीत आली तेव्हा बऱ्याच बोटी समुद्रात लांब होत्या. मी एकेकीला बोलावून परत फिरायला सांगितलं. सकाळपर्यंत बहुतेक बोटी बंदराला लागल्या. दोन राहिल्या. एक 'स्टेला मारिस'. दुसरी 'एकवीरा', शेजारच्या हिंदू आळीतल्या काशिनाथची. काशिनाथ आणि बस्त्याव यांचं जाळी टाकायच्या जागेवरून वर्षभर वाकडं होतं. बोलणं बंद होतं.

सकाळीच वाऱ्याने सोसायटीच्या छपरावरची एरियल मोडली आणि वीज गेली. सेटवर नुसती खरखर येत होती. मी चर्चकडे पाहिलं. आमच्या भागात मनोऱ्याइतकं उंच दुसरं काही नव्हतं. एरियल जितकी उंच तितका आवाज लांब जातो. मी फादरांकडे गेलो.

"फादर, मला मनोरा पाहिजे."

त्यांनी कारण ऐकून घेतलं. "आणखी काय लागेल?"

"केबल. बॅटऱ्या. वर चढणारी माणसं."

फादर स्वतः घंटेचा दोर ओढायला गेले. मिसाची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वेळ नव्हती, त्यामुळे सगळे धावत आले. पुढचा तासभर मी फक्त सांगत होतो आणि कामं होत होती. माझ्या रेजिमेंटचा जोडीदार मारुती शिंदे विरारला मनवेलपाड्यात राहायचा आणि टीव्हीच्या केबलचा धंदा करायचा. त्याला फोन लावला. तो त्या वाऱ्यात स्कूटरवर केबलचं भेंडोळं बांधून आला. टीव्हीची केबल असल्या सेटला नीट जुळत नाही, पण चालून जाते. परत आलेल्या खलाशांपैकी दोघे एरियल घेऊन मनोऱ्यावर चढले आणि शिंदे खालून ओरडून दिशा सांगत राहिला. वसईच्या होळी बाजारातले भाजीवाले टेम्पो घेऊन आले होते. त्यांनी न सांगता टेम्पोंच्या बॅटऱ्या काढून सॅक्रिस्तीत, म्हणजे फादर मिसाचे झगे घालतात त्या खोलीत, ओळीने लावल्या. झग्यांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर मी सेट ठेवला.

चर्चमध्ये रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू झाली. बायका पाळ्या लावून म्हणत होत्या. एक गट थकला की दुसरा गुडघ्यावर. बाहेर पडवीत पेज शिजत होती. काशिनाथची बायको मंदावहिनी आली ती सरळ माझ्या खोलीत. ओल्या लुगड्यानेच खाली बसली. माझी आई तिच्या शेजारी बसली.

मी बटण दाबलं. "स्टेला मारिस, स्टेला मारिस, बंदर बोलतोय. ओव्हर."

काही नाही.

"स्टेला मारिस, बंदर. ओव्हर."

फादर दारात होते. म्हणाले, "रेमंड, सगळे प्रार्थना करतायत."

"मला आता येत नाही, फादर."

"तू बोलावत राहा," ते म्हणाले.

ते शब्द मी आधी ऐकले होते. माझा हात थांबला. शिंदेने माझ्याकडे पाहिलं. पाटोळे त्याचाही मित्र होता. त्याने मागची बॅटरी बदलली आणि खांद्यावर एकदा थाप मारली. मी पुन्हा बटण दाबलं आणि आळीपाळीने दोन्ही बोटींना बोलावत राहिलो.

आधी 'एकवीरा'चं उत्तर आलं.

"बंदर, एकवीरा. आवाज येतंय. आमी अर्नाळ्याच्या वर हाव. येतंव घरा. पानी मोठा हाय, बोट बरी हाय. ओव्हर."

मंदावहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चर्चमध्ये कुणीतरी बातमी नेली. क्षणभर रोझरी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

बऱ्याच वेळाने 'स्टेला मारिस' लागली. आवाज पुसट होता.

"दादूस... मशीन बंद पडलंय. नांगर टाकलाय, तो सरकतंय. वारा आमाला खडपाकडं लोटतंय. बॅटरी संपत आली. ओव्हर."

तो 'ओव्हर' त्याने नीट म्हटला. मी जागा विचारली. त्याने दिशा आणि पाण्याची खोली सांगितली. शिंदेने नकाशावर पेन्सिलीने खूण केली आणि मग 'एकवीरा'ची खूण केली. दोन खुणांमधलं अंतर आम्ही दोघांनी पाहिलं. 'एकवीरा' तिला गाठू शकत होती. मात्र त्यासाठी घराकडे निघालेली बोट पुन्हा वादळात वळवावी लागणार होती.

मुंबईला तटरक्षक दलाला फोन लावून झाला होता. मदतीची नौका दक्षिणेकडे दुसऱ्या बोटींसाठी गेली होती. या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं.

बोटींवरच्या एरियल बुटक्या. त्यामुळे त्या दोघींना एकमेकींचं ऐकू येत नव्हतं. दोघींचं ऐकू येत होतं फक्त मला. मी सांगितलं नसतं तर काशिनाथला कळलंच नसतं. फौजेत मी शेकडो मेसेज रिले केले. मेसेज कुणाचा आणि कुणासाठी, हे ऑपरेटर बघत नाही. इथे एका बोटीवर माझा भाऊ होता आणि दुसऱ्या बोटीवरच्या माणसाची बायको माझ्या पायाशी बसली होती.

मी बटणावरून बोट काढलं आणि तिच्याकडे वळलो. "वहिनी, तुम्ही ऐकलंत."

"ऐकला."

"काशिनाथला सांगू का? तुम्ही नाही म्हटलंत तर मी सांगणार नाही. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

माझी आई भिंतीकडे बघत होती. तिच्या हातातली माळ थांबली होती.

मंदावहिनी म्हणाली, "तिकडं किती मानसं हायत?"

"सहा."

"मंग इचारतंस काय, भाऊ? सांग त्याला." आणि पुढे म्हणाली, "मी हतं हाय, त्ये पन सांग."

मी सांगितलं. साधा मेसेज. जागा, दिशा, खोली, मशीन बंद, सहा माणसं. ऑर्डर म्हणून नाही. शेवटी म्हणालो, "मंदावहिनी इथे आहे. तिने सांग म्हटलंय. निर्णय तुझा. ओव्हर."

खरखर आली. मग काशिनाथ बोलला. "फौजी, तुज्या भावाला सांग, दोर तयार ठेव. ओव्हर."

मी बस्त्यावला कळवलं. सेटवर त्याच्या मागे कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. मग, "दोर तयार हाय. ओव्हर."

त्यानंतर दुपारभर मी दोघांच्या मध्ये होतो. याचं त्याला, त्याचं याला, बस्त्यावची बॅटरी पुरावी म्हणून मोजक्या शब्दांत. थोडं उत्तरेला. आता दिसायला पाहिजे. लाल कापड लावा. वर्षभर न बोललेली दोन माणसं माझ्या तोंडून बोलत होती. दारात माणसं दाटली होती. ख्रिस्ती, हिंदू, मागच्या रांगेत मासळीचे मुसलमान व्यापारीसुद्धा. प्रत्येक मेसेज एकाकडून दुसऱ्याकडे चर्चच्या पुढच्या बाकापर्यंत जायचा. आतला आवाज त्याप्रमाणे चढायचा नाही तर उतरायचा. मला तो आवाज पाठीत जाणवत होता. मी प्रार्थना केली असं म्हणणार नाही. मात्र पहिल्यांदाच बर्फातल्यासारखं एकटं वाटलं नाही.

"दिसली," काशिनाथ म्हणाला.

दोर बांधला गेला. 'एकवीरा'ने 'स्टेला मारिस'ला ओढायला सुरुवात केली. वारा बंदराकडे येऊ देत नव्हता, म्हणून मी त्यांना कळंबकडे जायला सांगितलं. तिथे खडक कमी, वाळू जास्त. शिंदे एका टेम्पोला बॅटरी परत बसवून त्यातून माणसं आणि दोर घेऊन कळंबला पुढे गेला.

किनारा दिसू लागला आणि दोर तुटला.

"बंदर, एकवीरा. दोर गेला. तिच्यात पानी भरतंय. आमी बाजूला लावतंव. मानसं घेतंव. ओव्हर."

लाटांत दोन बोटी एकमेकींना लावणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मंदावहिनी उभी राहिली. मी विचारलं नाही. कामात असलेल्या माणसाला सेटवरून विचारायचं नसतं.

"दोन आले. ओव्हर."

"चार आले."

"पाच."

मग काहीच आलं नाही. मी वाट पाहिली. मग बोलावलं. पुन्हा बोलावलं. आतली रोझरी थांबली होती. फादर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी बोलावत राहिलो.

शेवटी आवाज आला तो काशिनाथचा नव्हता. त्याच्या खलाशाचा होता.

"बंदर... बस्त्याव आला. तांडेल गेला. त्याला वर खेचतानी तांडेल मधी पडला. दोन बोटींच्या मधी. दिसत नाय." मग कितीतरी वेळाने, "ओव्हर."

मला वळून तिला सांगावं लागलं नाही. तिने ऐकलं होतं. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. माझ्या आईने तिला मागून कवेत घेतलं आणि दोघी तशाच खाली बसल्या.

मला ड्युटी संपवायची होती. 'एकवीरा'वर आता तांडेल नव्हता. "बस्त्याव," मी म्हणालो, "बोट तू घे. कळंबला शिंदे उभा आहे. सगळी माणसं किनाऱ्याला लाव. ओव्हर."

"दादूस, मी..."

"बोट घे. ओव्हर."

त्याने बोट घेतली. अंधार पडायच्या आत 'एकवीरा' कळंबच्या वाळूत चढली. 'स्टेला मारिस' बुडाली होती. शिंदेने फोन करून सगळी माणसं मोजून घेतल्याचं कळवलं. मी सेट बंद केला. फादरांनी माझ्यासमोर पेजेची वाटी ठेवली. मला चमचा धरता येत नव्हता. त्यांनी ती उचलून माझ्या तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सगळी पॅरिश, म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं, कळंबच्या किनाऱ्यावर चालत निघाली. हिंदू आळीतले लोक बरोबर होते. काशिनाथ दुपारच्या ओहोटीला सापडला. बस्त्यावने त्याला उचललं आणि घरापर्यंत कुणाच्या हातात दिलं नाही. दहन त्यांच्या रीतीने झालं. फादर एलायस स्मशानात शेवटपर्यंत उभे होते.

रविवारी मी आईबरोबर आत गेलो. कुणी मागे वळून पाहिलं नाही, याचं मला बरं वाटलं. माझा विश्वास परत आला का, असं फादरांनी पुढे एकदा विचारलं. मी म्हणालो, "माहीत नाही. पण आत बसवतं." ते म्हणाले, "मग बस." अजून बसतो.

बस्त्यावने पुन्हा स्वतःची बोट घेतली नाही. मंदावहिनी 'एकवीरा'ची मालकीण झाली आणि तो तिच्या बोटीवर तांडेल म्हणून जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो तिच्या दारात गेला तेव्हा तिने त्याला घरात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कधीतरी घेतलं. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

बंदरावर एक क्रूस आहे. समुद्रात गेलेल्या आमच्या माणसांची नावं त्याच्या चौथऱ्यावर कोरलेली आहेत. काशिनाथचं नाव तिथे घालावं असं फादरांनी सुचवलं तेव्हा पॅरिशच्या सभेत दोघे-तिघे कुरकुरले. तो आपल्या धर्माचा नव्हता, त्याच्या घरच्यांना आवडेल का, असं म्हणाले. माझी आई सभेत कधी बोलायची नाही. त्या दिवशी उठली. "माजा पोर माज्या घरात झोपतंय," ती म्हणाली. "नाव घाला. तिला इचारून घाला." आणि बसली.

मंदावहिनीने होकार दिला. आम्ही दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, मिस झाल्यावर तिला घेऊन क्रूसापाशी गेलो. फादरांनी सगळी नावं वाचली. पाथरवटाने नवीन अक्षरं जुन्यांपेक्षा खोल कोरली होती. लोक पांगल्यावरही ती थांबली. तिला वाचता येत नव्हतं.

"यातला त्याचा कंचा?" तिने विचारलं.

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि वाचलं. "काशिनाथ. तांडेल, एकवीरा."

तिने बोट अक्षरांवरून शेवटपर्यंत नेलं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.